गोठ्यातली बाज

आमच्या घरची पिठाची चक्की मी चालवते. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव आहे, आणि गावात शिरलं की पहिल्याच वळणावर चक्की. गिऱ्हाइकानं डब्याचं झाकण उघडलं की मला वासावरून कळतं, ज्वारी नवी की जुनी, गव्हाला ओल लागली की नाही, हरभऱ्यात सोंडे पडले की काय. यात माझी काही हुशारी नाही. इतकी वर्षं नाक डब्यात घातलं तर कुणालाही येईल. दुसऱ्याच्या डब्यात नाक खुपसायची सवय मात्र मला चक्कीच्याही आधीची. आई म्हणायची, ‘या पोरीले ‘काहून’ची खाज हाय.’ काहून म्हणजे का. सासरी आल्यावरही ती खाज गेली नाही, उलट वाढली, कारण सासरी विचारण्यासारखं जास्त असतं.

म्हणून थोरल्या जाऊबाईंनी आपली बाज उचलून गोठ्यात नेली, तेव्हा बाकीच्यांनी मान डोलावली आणि मी मात्र विचारात पडले.

त्यांना मी ‘बाई’ म्हणत असे. आमची दोन घरं एकाच अंगणात, चुली वेगळ्या, अंगण एक. बाईंना छातीचा कॅन्सर होता. आधी गाठ, मग अकोल्याला ऑपरेशन, मग सलाईनमधून औषधं, केस गेले, केस आले, एक वर्ष बरं गेलं, आणि मग तो परत आला तो हाडांत जाऊन बसला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता हा पुरता जाणार नाही, औषधांनी आवरून धरायचा. बाईंनी ऐकून घेतलं. एसटीत बसल्यावर म्हणाल्या, ‘सवत आनली असं समजाचं. तिले बी राहू द्याचं, आपन बी राहाचं.’ आणि हसल्या. मला त्या दिवशी हसू आलं नाही, रडूही आलं नाही. एवढी मोठी गोष्ट माणूस एवढ्या लवकर कुठे ठेवतो, याचंच नवल वाटत राहिलं.

पुढे ऑपरेशनच्या जागी जखम उघडली. ती त्या स्वतःच धुवत, स्वतःच बांधत, मोरीचं दार लावून. बाहेर आल्या की पदराचं टोक छातीवर घट्ट धरलेलं असे. मी ‘दाखवा’ म्हटलं तर म्हणत, ‘त्यात काय पाहाचं हाय वं?’

बाज गोठ्यात नेली तेव्हा कारण दिलं, की म्हैस गाभण आहे, दिवस भरत आले, रात्री कुणी जवळ पाहिजे. बरं. म्हैस व्याली, वगार झाली, अख्ख्या आळीनं खरवस खाल्ला, तरी बाज गोठ्यातच. मग म्हणाल्या, वगार लहान आहे. वगार उड्या मारायला लागली तेव्हा म्हणाल्या, घरात उकडते. त्या वेळी पौषाची थंडी होती आणि आम्ही सगळे शेकोटीला पाय लावून बसत होतो. एका गोष्टीची तीन कारणं मिळाली की खरं कारण चौथंच असतं, हे मी चक्कीवरच्या गप्पा ऐकून ऐकून शिकले आहे.

भासऱ्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावांना, विचारलं. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांशी समोरासमोर फार बोलत नाही. मी दाराकडे बघून विचारते आणि तेही दाराकडे बघून उत्तर देतात. दाराला त्यांनी सांगितलं, ‘तिले म्हशीची संगत बरी वाटते.’ बिचारा शांत माणूस. बायकोनं सांगितलं ते खरं मानून चालणारा.

हे असंच चाललं असतं. पण बाईंची एकुलती एक लेक, शेलूबाजारला दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरवावं लागत नाही. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि पोरीला घरी आणायची. भासऱ्यांनी गाडी ठरवायचं काढलं, आणि बाईंनी गोठ्यातूनच सांगितलं, ‘नाई आनाचं. तिचं सासर बेस हाय, तिथंच होऊ द्या.’

संध्याकाळी पुतणीचा मला फोन आला. आधी नुसतंच हुंदके देत राहिली, मग म्हणाली, ‘काकू, आईले मी नकोशी झाली का? खरं सांगा.’ मी तिला काहीबाही समजावलं. खरं मला माहीत असतं तर सांगितलं असतं ना! शेजारपाजारच्यांनी आपापलं पीठ पाडलं. कुणी म्हणे, हा रोग लेकराला लागतो म्हणून बाई भितात. कुणी म्हणे, ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सूज आहे, बाळंतिणीचं करणार कोण? पण करायला मी होते की. आणि ही बाई, जिनं माझी दोन्ही बाळंतपणं केली, माझ्या लेकरांना पाय पसरून मांडीवर न्हाऊ घातलं, ती स्वतःच्या लेकीला येऊ नको म्हणते? मला फार राग आला. पण रागापेक्षा ‘काहून’ मोठं होतं.

त्यातच अकोल्याच्या फेरीची वेळ आली. भासऱ्यांना सोयाबीन विकायला जायचं होतं, म्हणून बाईंबरोबर मी गेले. एसटीत शेजारी बसले तर डांबरगोळ्यांचा वास. त्यात अत्तराचा. मला वाटलं पेटीतली साडी काढली असेल. पण साडी तर रोजचीच होती, दोरीवर वाळताना मी पाहिलेली. दवाखान्यात बाहेर ही गर्दी. डॉक्टर चांगले होते, थकलेले होते. जखम बघितली, हाडांचं विचारलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, ‘आणखी काही त्रास?’ बाई पदर सावरून म्हणाल्या, ‘नाई जी, बेस हाय.’ परत येताना तोच डांबरगोळ्यांचा वास माझ्या शेजारी बसून मालेगावपर्यंत आला, आणि मी तो डोक्यात घेऊन घरी गेले.

कळलं ते लाईन गेल्यामुळे. चक्की चालू असते तेव्हा माझ्या नाकात पीठच पीठ असतं; दिवसा मला अंगणातल्या चुलीवर करपलेली भाकरसुद्धा कळत नाही. त्या दिवशी सकाळपासून लाईन नव्हती, चक्की बंद. आंघोळ केली, केस वाळवले आणि चहा घेऊन गोठ्यात गेले. म्हैस आणि वगार पाण्यावर नेली होती. गोठा झाडून, शेण उचलून, पाणी मारून स्वच्छ केलेला. बाई बाजेवर बसल्या होत्या. आणि वास होता. म्हैस नव्हती, शेण नव्हतं, वास होता.

मी चहा खाली ठेवला. विचारायचं कसं, हे मला आयुष्यात कधी कळलेलं नाही. मी सरळच विचारलं, ‘बाई, तुमी म्हशीच्या वासात लपून राह्यल्या काय?’

आधी त्या चिडल्या. ‘जाय इथून,’ म्हणाल्या. मी गेले नाही. मग पदर तोंडाला लावून रडल्या. बाईंना मी सासूबाई गेल्या तेव्हाही इतकं रडताना पाहिलं नव्हतं. मग सांगायला लागल्या. घरात बसलं की आलेला माणूस नाकाला रुमाल लावत नाही, पण खुर्ची जरा मागे घेतो. धनी रात्री तोंड भिंतीकडे करून झोपतात. ते काही बोलत नाहीत, म्हणून तर जास्त लागतं. गोठ्यात कुणी कुणाच्या वासाचं नाव घेत नाही.

‘आनं आता तर मले माह्याशिवाय दुसरा कायचाच वास येत नाई वं. चहाले तोच, भाकरीले तोच. लेकरू आई नाकानं ओयखते, आजी बी नाकानंच ओयखन. माह्या मांडीवर येऊन त्यानं हे ओयखाचं काय?’

म्हणजे हे होतं. लेक नकोशी झाली नव्हती. नातवंडाच्या पहिल्या आठवणीत आपण असे शिरू नये, म्हणून त्या स्वतःला बाहेर ठेवत होत्या. तरी मी विचारलंच, ‘हे डॉक्टरले काहून नाई सांगतलं?’

‘वासाचं कोनी डॉक्टरले सांगते काय? दुखते ते सांगाव.’

आणि मग डांबरगोळ्यांचा उलगडा झाला. अकोल्याला जायच्या दिवशी बाई पहाटे उठून जखम धुवायच्या, हळद-कापूर भरायच्या, जुन्या धोतराच्या घड्यांवर घड्या बांधायच्या आणि त्यांत डांबरगोळ्या ठेवायच्या, वरून अत्तर. दवाखान्यात चांगली माणसं बसतात, त्यांना आपला त्रास नको. पाहुण्यांकडे जाताना आपण जसे नेसून-सवरून जातो तसं त्या आपल्या जखमेलाच नेसवून न्यायच्या. डॉक्टरांनी जखम पाहिली ती तिच्या सणाच्या कपड्यांत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण डॉक्टरसमोर मूठ झाकून कसं चालेल?

मला प्रश्न पडला, वासाला औषध असतं का? दुखण्याला असतं, तापाला असतं. वासाला? दुसऱ्या दिवशी चक्की नवऱ्यावर सोपवली आणि वाशीमला सरकारी दवाखान्यात गेले. तिथं एक खोली आहे, जिथं बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या माणसांचा त्रास कमी करण्याचं काम चालतं. इतके महिने आम्ही अकोल्याच्या वाऱ्या करत होतो आणि ही खोली अर्ध्या तासावर! काखेत कळसा आणि गावाला वळसा. नर्सबाई माझ्याच वयाच्या, चष्मेवाल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘वास कसा आहे?’

मला इतकं बरं वाटलं. असा प्रश्न मला शोभणारा होता. मी म्हटलं, ‘कोठीच्या तळाले ओल लागून सडलेली ज्वारी कशी, तसा. वरची नाई, तळची.’

त्या म्हणाल्या, अगदी बरोबर. जखमेत मेलेल्या मांसाचा थर असतो, तिथं हवा पोचत नाही, आणि हवा नसते तिथंच वाढणारे काही जंतू असतात. वास त्यांचा. त्याला औषध आहे. हे ऐकताना मला आमची कोठी डोळ्यांपुढे दिसली. वरची ज्वारी हवेवर, चांगली. तळाची दाबून बसलेली, आंबलेली. दुसऱ्याच्या घरातलं काही कळलं की जो आनंद होतो तो मला त्या बाकावर बसून झाला, आणि असा आनंद झाल्याची लाजही वाटली नाही.

आणखी एक विचारून घेतलं: हा रोग लेकराला लागतो का? नाही, म्हणाल्या. जखम नीट झाकलेली असली तर दुसऱ्या बाजूनं खुशाल मांडीवर घ्यावं.

‘आम्ही घरी येऊ,’ त्या म्हणाल्या. ‘पण एक सांगा त्यांना. त्या दिवशी काही भरायचं नाही, काही लावायचं नाही. जशा असतील तशा.’

हे बाईंना सांगितलं तर त्या माझ्यावर उखडल्या. ‘मानसं घरी येनार आनं मी तशीच बसू? लाज सोडली काय तू?’ त्यांना कॅन्सरची एवढी भीती वाटली नव्हती जेवढी त्या दिवसाची. पण मी अत्तराची कुपी आणि डांबरगोळ्या दोन्ही उचलून चक्कीत नेऊन ठेवल्या.

नर्सबाई आणि एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. खुर्ची दिली होती ती सोडून नर्सबाई बाजेवर बाईंच्या शेजारी बसल्या, अगदी लागून. तोंडाला काही बांधलं नाही. म्हणाल्या, ‘वासाचा त्रास तुम्हाला जास्त होतो की घरच्यांना?’ बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. एवढ्या वर्षांच्या दवाखान्यांत कुणी हे विचारू शकतं, हे त्यांच्या गावीच नव्हतं. मग जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. वास, हाताची सूज, रात्रीची हाडं, फडकं काढताना होणारी आग. ‘बेस हाय’ कुठल्या कुठे गेलं.

हळद-कापूर बंद झाला. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम धुवायची, डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळीची पूड करून तिच्यावर भुरभुरायची, वर न चिकटणारी जाळी. फडकं बदलण्याआधी दुखण्याचं औषध घ्यायचं. सुजलेल्या हाताला उशी, आणि हलक्या हातानं खालून वर चोळणं. दुखण्याच्या गोळ्या जबर आहेत हे ऐकून भासरे दाराला म्हणाले, ‘ह्या शेवटच्या गोळ्या म्हनाच्या काय?’ डॉक्टरीणबाईंना आमची दाराची रीत ठाऊक नव्हती. त्या गोंधळून दाराकडे बघायला लागल्या, मग भासऱ्यांना म्हणाल्या, ‘नाही हो. नीट झोपता यावं, बसता यावं म्हणून आहेत.’

पूड करायचं काम अर्थातच माझं. मी विचारलं, ‘किती बारीक? रव्यासारखी का मैद्यासारखी?’ नर्सबाई हसल्या. ‘मैद्यासारखी.’ नवा लहान खलबत्ता आणला, त्याला दुसरं काही लावू दिलं नाही. चक्कीवर आयुष्य गेलं, पण एवढं मन लावून मी कुणाचं दळण दळलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत वास ओसरला. मला कळत होतं. मी मुद्दाम आंघोळ करून, चक्की सुरू व्हायच्या आधी जाऊन बघत होते. पण बाईंचा विश्वास नाही. ‘मले तर येतेच. तू माह्या मनाखातर म्हनतं.’ नर्सबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, नाकालाही सवय सुटायला वेळ लागतो. आता परक्या नाकाची साक्ष पाहिजे होती, आणि तेही खरं बोलणारं. तसं नाक आमच्या आळीत एकच: समोरची आत्या. आळीच्या सगळ्यांची आत्या. तिच्या जिभेला हाड नाही. नवरीच्या तोंडावर तिचं नाक नकटं आहे म्हणणारी. मी बाईंना कसंबसं तयार करून बाज मधल्या खोलीत आणवली, दारं-खिडक्या लावल्या आणि आत्याला काहीही न सांगता चहाला बोलावलं.

आत्या बाजेवरच बसली. म्हणाली, ‘चहात साकर टाकली का पोतं उलटं केलं?’ मग म्हणाली, ‘ह्या भितीले चुना कोन्या आंधयानं देल्ला?’ बाई पदर छातीवर धरून बसलेल्या, पापणी हलत नव्हती. मग आत्यानं नाक वर केलं. दोनदा हुंगलं.

‘कायचा वास येऊन राह्यला वं?’

बाईंनी डोळे मिटले.

‘हिंग,’ आत्या म्हणाली. ‘वरनात हिंग जास्त झाला तुमच्या.’

आत्या गेल्यावर बाई इतक्या हसल्या की बरगड्या दुखायला लागल्या आणि औषध घ्यावं लागलं. त्याच संध्याकाळी त्यांनी भासऱ्यांना सांगितलं, ‘गाडी सांगा. पोरीले आना.’

पुतणी आली ती तोंड फुगवून. बाईंनी तिला जवळ बसवून सगळं स्वतः सांगितलं, म्हशीपासून हिंगापर्यंत. मी चुलीपाशी होते, मला सगळं ऐकू आलं. पोर आईवर ओरडली, ‘एवढं सांगता नाई आलं तुले?’ आणि मग तिच्याच बाजेवर तिच्या कुशीत झोपली, एवढं पोट घेऊन.

हे मी लिहिते आहे तेव्हा बाई नाहीत. आजार हटणार नव्हताच, त्यानं आपलं काम केलं. दिवाळीच्या आधी त्या गेल्या, मधल्या खोलीत, घरच्यांत. पण माझ्या मनात त्यांचं जाणं तितकं येत नाही, जितकी त्याआधीची एक सकाळ येते.

पुतणीला मुलगी झाली होती. मालेगावच्या दवाखान्यातून घरी आणून काही दिवस झाले होते. न्हाऊ घालायला गावातली एक बाई येत असे. आमच्या बाई पाटावर बसून तिला हुकूम सोडत, पाणी कढत आहे, मान धर, हळू. आंघोळीनंतर टाळूला वेखंड, निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकून धुरी, मऊ लुगड्यात गुंडाळणं. मग बाईंच्या उजव्या मांडीवर उशी ठेवायची आणि उशीवर बाळ. रोज त्या बाळाला घेत, पण तोंड एका बाजूला करून. पदर छातीवर दाबून, श्वास आवरून. आम्हाला कुणालाच वास येत नव्हता, तो फक्त त्यांच्याच नाकात उरला होता, आणि त्याला पूड चालत नव्हती.

त्या सकाळी मी दोन दळणांच्या मधे धावत आले होते. बाळानं जांभई दिली. बाई बघत होत्या. बघता बघता वाकल्या आणि नाक बाळाच्या टाळूला टेकवलं, आणि तशाच राहिल्या. किती वेळ झाला तरी मान वर करेनात.

मी आपलं विचारलंच, ‘काय झालं, बाई?’

मान न उचलता म्हणाल्या, ‘वेखंड.’ मग म्हणाल्या, ‘मले वेखंडाचा वास येऊन राह्यला वं.’

पुतणीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. न्हाऊ घालणारी बाई बादली उचलून बाहेर गेली.

‘तू पाह्य बरं,’ बाई मला म्हणाल्या. ‘खरंच येते का मलेच वाटते?’

मी वाकले, टाळूशी नाक नेलं. सकाळपासूनचा गहू माझ्या नाकात बसला होता. मला काहीच आलं नाही, वेखंड नाही, ओवा नाही. मी म्हटलं, ‘येते की. चांगला येते.’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘खोटी,’ म्हणाल्या. ‘नाकात पीठ हाय तुह्या.’

आणि इतके महिने छातीवर दाबून धरलेलं ते पदराचं टोक त्यांनी सोडलं, त्यानंच माझं नाक पुसलं आणि बाळाची टाळू पुन्हा माझ्या नाकाशी आणली.

‘आता घे,’ म्हणाल्या.